गुरांच्या डॉक्टरने निवडणूक लढवावी का?

प्रश्न थोडक्यात असा: शिरूर तालुक्यात आठ वर्षं खासगी प्रॅक्टिस करणारा एक तरुण पशुवैद्यक आहे. गावोगावचे लोक त्याला म्हणतायत, "डॉक्टर, जिल्हा परिषदेला उभं राहा, आम्ही आहोत." त्याने तीन गोष्टी विचारल्यात. उभं राहावं का? राहिलं तर प्रॅक्टिसचं काय करायचं? आणि निवडणुकीच्या दोन-तीन महिन्यांत जनावरांवर फुकट उपचार केले तर त्यात काही वावगं आहे का?

डॉक्टर, तुमच्या वयाचा असताना मीही हेच विचारत फिरलो होतो, आणि आपल्या पेशातलं उत्तर देणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी परळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकलो आणि पस्तीस वर्षं पुणे जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यात गुरं तपासतोय. २००७ ते २०१२ पंचायत समितीत आणि २०१२ ते २०१७ जिल्हा परिषदेत होतो. २०१७ ला आमचा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, महिलांसाठी राखीव झाला, मी थांबलो आणि पुन्हा पूर्णवेळ गोठ्यांकडे वळलो.

उभं राहा, असं माझं मत आहे. पण त्याआधी एक काम करा. वही घ्या आणि गेल्या वर्षभरात तुमच्या हातून दगावलेली जनावरं आठवून लिहा. प्रत्येकापुढे कारण लिहा. काहींना इलाजच नव्हता. काही तुमच्या किंवा मालकाच्या उशिरामुळे गेली असतील. आणि काही अशी निघतील की लस वेळेवर टोचली असती, जवळच्या दवाखान्यात डॉक्टर असता, वस्तीपर्यंत गाडी जाईल एवढा रस्ता असता, तर वाचली असती. ही तिसरी यादी तुम्हाला झोपू देत नसेल तर राजकारणात तुमचं काम आहे. तिथं दोन-चारच नावं असतील आणि लोक म्हणतात म्हणून जायचं असेल, तर जाऊ नका. आठ वर्षं मुरलेला डॉक्टर तालुक्याला सहजासहजी पुन्हा मिळत नाही.

लोक आग्रह का करतात तेही समजून घ्या. माणसांचा डॉक्टर दवाखान्यात बसतो आणि पेशंट त्याच्याकडे येतो. आपण रात्री-अपरात्री मागच्या अंगाने थेट गोठ्यात जातो. घरची परिस्थिती आपल्याला दावणीवर दिसते. दोन गायी कमी झाल्या की सोसायटीचं कर्ज थकलंय हे न सांगता कळतं. पेंडीचं पोतं तळाला गेलं की डेअरीचं बिल अजून हातात पडलेलं नाही. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तासभर झटलेला माणूस त्या घराला परका राहत नाही. हा विश्वास खरा असतो, त्याबद्दल शंका घेऊ नका.

पण तो गायीपुरता असतो. मला हे पहिल्याच मोजणीत कळलं. एका वस्तीवर मी वर्षाला चाळीस-पन्नास वेळा जायचो, तिथली लहान पोरंसुद्धा माझ्या गाडीचा आवाज ओळखायची. त्या बूथवर मी बराच मागे पडलो. एकूण निकालात थोडक्यात निवडून आलो, पण ती पेटी मनात राहिली. पुढच्याच आठवड्यात त्या वस्तीवरून गाय माजावर आल्याचा फोन आला, म्हणून भरवायला गेलो. घरचे आजोबा म्हणाले, "डॉक्टर, राग धरू नका. गायीला तुमच्याशिवाय कुणाचा हात लावू देत न्हाई आपण. पर मत भावकीत ठरतं." मला त्यांचा राग आला नाही, उलट त्यांनी तोंडावर सांगितलं याचं बरं वाटलं. तेव्हापासून मी गोठ्यात मत मागितलं नाही. मत मागायला चावडीवर, पारावर, सभेत गेलो. गोठ्यात फक्त जनावर.

म्हणून पहिला सल्ला असा की थेट गटावर उडी मारू नका. जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण असतात. आधी एक गण लढा. गावं निम्मी, खर्च कमी, आणि पंचायत समितीची सभा दर महिन्याला असल्याने काम लवकर शिकता येतं. आपल्या पेशातले लोक जगभर याच पायऱ्यांनी गेलेत. अमेरिकेत मॉन्टाना राज्यात फोर्साइथ नावाच्या छोट्या गावात जॉन मेल्चर हे गुरांचे डॉक्टर प्रॅक्टिस करायचे. आधी तिथल्या नगर परिषदेत, मग महापौर, मग राज्याचं विधिमंडळ, १९६९ मध्ये अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृह आणि १९७७ ते १९८९ सिनेट. गावाच्या नळपाण्यापासून सुरुवात केलेला माणूस होता तो. आपल्याकडे डॉ. संजीव बालियान हे हिसारला शिकलेले पशुवैद्यक २०१४ मध्ये मुझफ्फरनगरहून खासदार झाले आणि २०१९ ते २०२४ केंद्रात पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय खात्याचे राज्यमंत्री होते. आपला पेशा या वाटेला नवा नाही एवढ्यासाठीच ही नावं सांगितली.

आता त्या तिसऱ्या यादीकडे येतो, कारण खरं काम तिथं आहे.

घटसर्प आणि फऱ्या हे गुरांचे रोग पावसाळ्याच्या तोंडाला येतात. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे मे महिन्यात, फार तर जूनच्या सुरुवातीला टोचून मोकळं व्हायला हवं. आपल्याला हे पाठ असतं. पण सरकारी पैशाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. तिथून निधी यायचा, मागणी जायची, मान्यता मिळायची, पुरवठा व्हायचा, तालुक्याला वाटप व्हायचं आणि मग बाटल्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये पोचायच्या. या साखळीत एखादी कडी आठवडाभर अडली तरी पहिला पाऊस आपल्याला गाठतो. आणि ही लस बनते आपल्याच पुण्यात, औंधच्या पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेत. माझ्या दवाखान्यापासून तिथवरचा रस्ता दोन तासांचा.

डॉक्टर म्हणून मी कित्येक वर्षं "लस उशिरा येते" एवढंच म्हणत होतो. सदस्य झाल्यावर कागद मागवून घेतले आणि तारखा लावून बघितल्या. प्रत्येक टेबलावरून फाइल वेळेत निघालेली होती. उशीर दोन टेबलांच्या मधल्या प्रवासात होता आणि त्याची जबाबदारी कुणाच्याच नावावर नव्हती. सभेत बाकीचे सदस्य विचारायचे, "माझ्या गावांना किती डोस?" मी विचारायला लागलो, "कोणत्या तारखेला?" मागणी आदल्या डिसेंबरमध्येच तयार करायची, आणि १५ मे पर्यंत प्रत्येक दवाखान्याच्या फ्रीजमध्ये डोस पोचलेले असले पाहिजेत, अशी तारीख घालून ठराव मांडला. ठराव एकमताने झाला. पहिल्या वर्षी काहीही बदललं नाही.

इथं नवीन सदस्य खचतो. ठराव म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं, कारण आपल्या पेशात इंजेक्शन दिलं की औषध शरीरात जातं. सभागृहात तसं नसतं. पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं, तेव्हा "या ठरावाचं अनुपालन काय?" हे विचारावं लागतं. त्याच्या पुढच्या सभेत परत. मी वर्षभर दर सभेला तेवढा एकच प्रश्न विचारला. लोक कंटाळले, एक-दोन मित्र हसलेही. दुसऱ्या वर्षी लस मेच्या तिसऱ्या आठवड्यात आली. त्या पावसाळ्यात घशाला सूज येऊन धापा टाकणाऱ्या म्हशींचे फोन मला जवळजवळ आलेच नाहीत. माझ्या दहा वर्षांतलं हे सगळ्यात मोठं काम, आणि ते कुठल्याही कोनशिलेवर लिहिलेलं नाही.

दुसरं काम खोड्याचं. दवाखान्याला नवी इमारत मिळते, रंग लागतो, फलक लागतो आणि आवारात जनावर अडकवायला लोखंडी खोडाच नसतो. चार माणसं दोर लावून गाय धरतात, गाय बिथरते आणि लाथ डॉक्टरला किंवा शिंगाचा तडाखा मालकाला बसतो. तपासणी नीट होत नाही ती वेगळीच. असं होण्याचं कारण साधं असतं. इमारतीचा पैसा एका लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी खर्चाच्या एका खात्यातून येतो, साहित्याचा दुसऱ्या. दोन्ही एकाच वर्षी आले तर ठीक, नाहीतर फक्त इमारत उभी राहते. मी दरवर्षी जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, चार-पाच दवाखान्यांना खोडा, त्यावर पत्र्याची सावली, पाण्याचा हौद आणि फ्रीजसाठी इन्व्हर्टर मागत राहिलो. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. उन्हाळ्यात आठ-आठ तास वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर नसेल तर ती लस टोचूनही उपयोग नाही. हे सभागृहात समजावून सांगणारा आपल्यातलाच कुणीतरी लागतो. निवडून आलात तर पशुसंवर्धन व दुग्धशाळा समिती मागून घ्या. बांधकाम आणि शिक्षणासाठी रांगा असतात, या समितीसाठी कुणी भांडत नाही, आणि तुमची तिसरी यादी तिथंच निकाली निघणार आहे.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. आपण खासगी डॉक्टर. सरकारी दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी आणि पर्यवेक्षक यांच्याशी आपली रोजची स्पर्धा असते, हे नाकारून उपयोग नाही. निवडून आलो की तीच माणसं समोर उत्तर द्यायला उभी असतात. पहिल्या वर्षी मी एका तरुण अधिकाऱ्याला भर सभेत धारेवर धरलं: दवाखाना बंद का, सकाळी अकराला कुलूप का. तो खाली मान घालून उभा राहिला. संध्याकाळी कळलं की त्याच्याकडे आणखी दोन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार होता आणि त्या सकाळी तो तिसऱ्या गावात गाभण गायी तपासत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. पण माफी दोघांत होते आणि बोलणं चारचौघांत झालेलं असतं. पुढे मी नियमच केला: रिक्त पदांची यादी हातात आल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरबद्दल सभेत बोलायचं नाही. त्याच मुलाने नंतर मला लसीच्या तारखांचं गणित मांडून दिलं.

प्रॅक्टिसबद्दल तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर एका गायीच्या गोष्टीने देतो. २०१२ च्या प्रचारातली गोष्ट. संध्याकाळी सातची सभा, माझा फोन एका कार्यकर्त्याच्या खिशात. माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षापासूनच्या एका शेतकऱ्याची तिसऱ्या वेताची होल्स्टीन गाय दोन दिवसांपूर्वी व्यायली होती. ती खाली बसली आणि उठेना. त्याने पाच वेळा फोन केला. कार्यकर्त्याने पाचही वेळा सांगितलं, "साहेब स्टेजवर आहेत." आपल्याला माहीत आहे, दुग्धज्वर म्हणजे काय. मान पोटाकडे वळवून, कान थंड पडून निपचित झालेली गाय शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की तासाभरात उठून वैरणीला तोंड लावते. घरातली बायामाणसं हात जोडतात असा आपल्या पेशातला तो उपचार. ती गाय अकराच्या सुमारास गेली. मी बाराला पोचलो. कॅल्शियमची बाटली दिवसभर माझ्याच गाडीत होती.

मतदानाच्या दिवशी तो शेतकरी रांगेत भेटला. "मत तुम्हालाच दिलं, डॉक्टर," एवढंच म्हणाला. गायीचा विषय त्याने काढला नाही, आजवर काढलेला नाही. वीस लिटरची गाय होती, त्या घराचा महिन्याचा किराणा तिच्यावर चालायचा.

तेव्हा फॉर्म भरायच्या आधी बदली माणूस उभा करा. तुम्ही शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजचे असाल तर मागच्या दोन-तीन बॅचमधलं कुणीतरी आसपास नक्की असेल. दोन महिने त्याला बरोबर फिरवा, गोठे दाखवा, लोकांना सांगा की मी नसलो तर हे येतील. नोंदणीकृत पशुवैद्यकच हवा. कंपाउंडरला बॅग देऊन पाठवण्याची सवय लावून घेऊ नका, ते कायद्यातही बसत नाही. फोन कधीही कार्यकर्त्याकडे देऊ नका. तो ज्याच्याकडे असेल त्याला चार गोष्टी पाठ पाहिजेत: अडलेलं जनावर, व्यायल्यानंतर बसलेली गाय, पोटफुगी, आणि साप किंवा कोवळ्या ज्वारीसारखी विषबाधा. यातलं काहीही असलं तर स्टेजवर येऊन चिठ्ठी द्यायची, मग समोर मंत्री बोलत असो. बाकी गोचीड ताप, खोकला, कासेची सूज यांना बदली डॉक्टर बघेल. निवडून आल्यावरही प्रॅक्टिस पूर्ण बंद करू नका. सकाळचे दोन-तीन तास ठेवा. मी नंतरच्या वर्षांत एवढंच करायचो आणि सभेत मला जे काही सांगता आलं ते त्याच तासांतून आलं.

आता सह्यांचं सांगतो. याबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून जरा जास्त लिहितो.

पशुवैद्यकाची सही म्हणजे पैसा. विम्याच्या दाव्याला शवविच्छेदनाचा दाखला लागतो. बिबट्याने जनावर मारलं तर वनखात्याच्या पंचनाम्यात आपलं मत लागतं. शर्यतीच्या बैलाला तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तुम्ही नुसते डॉक्टर असता तेव्हा खोटा दाखला मागणाऱ्याला सरळ नाही म्हणता येतं. उमेदवार झालात की तोच माणूस शंभर मतांचा हिशोब घेऊन येतो, बरोबर दोन सरपंच आणतो आणि म्हणतो, "एक सही तर आहे." माझ्याकडे एक जण मेलेल्या गायीच्या कानातला नुसता बिल्ला कागदात गुंडाळून घेऊन आला होता. गाय कुठल्या गावची, कधी मेली, मला काहीच माहीत नव्हतं. दाखला दिला नाही. त्या घराने माझ्याविरुद्ध उघड काम केलं आणि ते मी सहन केलं. सही एकदा विकली की पुढची पाच वर्षं प्रत्येक जण तिचा भाव विचारत येतो, आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी गेली तर हातातला पेशाही जातो.

बिबट्याचं तर तुमच्याकडे रोजचं आहे. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यात ऊस वाढला तसा बिबट्या शेतातच राहायला लागला. शेळी मेली की मालकाला वाटतं बिबट्याच, कारण भरपाई त्याचीच मिळते. बिबट्या गळा धरतो. घशावर सुळ्यांच्या खोल जखमा असतात आणि कातडी सोलून पाहिली की आत रक्त साकळलेलं दिसतं. कुत्री मागून मांड्या आणि पोट फाडतात. दोन्हींतला फरक आपण पाच मिनिटांत सांगू शकतो. कुत्र्यांनी मारलेल्या शेळीला बिबट्याची म्हटलं तर त्या गरीब बाईला आज पैसे मिळतील हे खरं आहे, आणि त्या क्षणी नाही म्हणताना जीव तुटतो. पण पुढे खरोखर बिबट्याने मारलेल्या शेळीच्या वेळी आपल्या शब्दाला वजन राहत नाही. मी अशा वेळी दाखला खराच दिला आणि मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीचा विषय सभेत मांडला. त्याला यश थोडंच आलं.

बैलगाड्यांच्या बाबतीत अधिक जपा. आपल्या जिल्ह्यात घाट (शर्यतीची धावपट्टी), बारी (गाड्याची धाव) आणि गाडामालक यांना राजकारणात किती मान आहे ते तुम्हाला सांगायला नको. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळात मी सदस्य होतो. गाडामालक म्हणायचे, "डॉक्टर, तुम्ही डॉक्टर म्हणून सांगा, बैलाला काही होत नाही." मी त्यांना जे पाहिलं तेच सांगितलं. स्वतःच्या पोरांआधी बैलाला खुराक घालणारी घरं मी पाहिली आहेत, आणि शेपटीची हाडं पिरगळून मोडलेले, टोचणीने मागचा भाग सोललेले बैलही मी शिवले आहेत. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही बोललं पाहिजे. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावराची पशुवैद्यकीय तपासणी, काठी-चाबूक-विजेचा झटका यांना मनाई, अशा अटी आहेत. सदस्य झालात की तपासणीच्या दाखल्यांवर स्वतः सही करू नका, दुसऱ्या डॉक्टरला करू द्या. लंगडणारा बैल तुम्ही बाद केला तर राजकारण केलं म्हणतील, पास केला तर बैलाचं नुकसान. घाटावर मात्र जरूर जा, आणि तिथं चारचौघांत टोचणीच्या विरोधात बोला. गाडामालकांतल्या जाणत्या माणसांना ते पटतं.

कायद्याची एक गोष्ट न विसरता तपासा. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यानुसार परिषदेच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर सदस्यत्व जाऊ शकतं. तुमच्या घरचं पशुऔषधांचं दुकान असेल आणि ते कुठल्याही सरकारी दवाखान्याला माल देत असेल, तर तो व्यवहार आधी बंद करा. निवडणूक खर्चाचा हिशोब रोजच्या रोज लिहा आणि निकालानंतर ३० दिवसांत द्या. बाकी वकिलाला विचारा.

पद नसतानाही काम असतं, हेही लक्षात असू द्या. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आले आणि ऑगस्टमध्ये लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, साथ जळगाव जिल्ह्यातून राज्यात पसरली. निवडून आलेला सदस्य एकही नाही, गुरांचे बाजार बंद, आणि गावात अफवा की दूध प्यायलं की माणसालाही गाठी येतात. आम्ही दोघे-तिघे माजी सदस्य आणि सरकारी डॉक्टर मिळून मंदिराच्या भोंग्यावरून रोज संध्याकाळी बोलायचो. हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून प्या. आजारी जनावर वेगळं बांधा, गोठ्यात माश्या-गोचीड राहू देऊ नका, मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. लस शेळ्यांच्या देवीची वापरत होते, त्यामुळे "शेळीची लस गायीला कशी?" म्हणून लोक अडायचे, दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत हे पटवून द्यायला अर्धा दिवस जायचा. भरपाई दुभत्या जनावराला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये होती. अनेकांनी पंचनाम्याआधीच जनावर पुरलेलं असायचं. म्हणून आजारी जनावरांची घरं शोधून, पंचनाम्याआधी पुरू नका, हे आधीच सांगून ठेवणं, एवढंच आमचं काम. त्या महिन्यांत लोकांनी ऐकलं, कारण दहा वर्षं सभागृहात जे बोललो ते त्यांच्या गोठ्यात खरं ठरलेलं होतं.

शेवटचा प्रश्न फुकट उपचारांचा. करू नका. आचारसंहिता लागल्यावर मतदाराला काही फुकट देणं हे आमिष ठरू शकतं, हा एक भाग. त्याहून मोठा भाग असा की ज्याच्या गायीला तुम्ही फेब्रुवारीत फुकट सलाईन लावलं, त्याला मार्चमध्ये पैसे कसे मागणार? आणि शेजारच्या गावात तुमच्यासारखाच एक तरुण डॉक्टर फीवर घर चालवतोय, त्याने काय करायचं? ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याच्याकडून तुम्ही आजही घेत नसाल, तेवढं तसंच चालू ठेवा, गाजावाजा न करता.

उधारीचंही तसंच. माझ्या पहिल्या निवडणुकीत एकाने सुचवलं होतं की सगळी उधारी माफ केल्याचं सभेत जाहीर करा. मी केलं नाही. ज्यांनी हप्त्याहप्त्याने प्रामाणिकपणे फेडली होती त्यांचा तो अपमान झाला असता. प्रचाराच्या काळात वही कंपाउंडरच्या ताब्यात ठेवा. या काळात वसुलीही नको आणि माफीही नको. निकाल काहीही लागला तरी दुसऱ्या दिवशीपासून ती आधी होती तशीच चालू करा.

लसीच्या तारखांच्या ठरावाची प्रत माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. तुमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांची आणि रिक्त पदांची यादी तयार झाली की कळवा, ती समोर ठेवून तुमच्या भागासाठी नवा मसुदा आपण दोघं मिळून करू. उभं राहिलात तर तो तुमच्या उपयोगाला येईल, नाही राहिलात तर जो निवडून येईल त्याच्या हातात देऊ.